ऑक्सफर्डमधली सेकंड हॅण्ड इनिंग

ऑक्सफर्डला जाणारा प्रत्येक जण तेच फोटो घेऊन परततो. कॉलेजांचे दगडी मनोरे, नदीतलं पंटिंग आणि ख्राइस्ट चर्च कॉलेजातला तो ‘हॅरी पॉटर’वाला जिना. मीही काढले, खोटं कशाला बोलू! पण माझा मुक्काम होता शहराच्या पूर्वेला, टेकडीवरच्या हेडिंग्टनमध्ये, आतेबहिणीकडे. आणि त्या ट्रिपमधलं लख्ख आठवतं ते काय, तर एका दुकानाच्या मागची खोली. खिडकी नसलेली, काळ्या पिशव्यांनी जवळजवळ छतापर्यंत भरलेली. आणि वास? आजीचं लाकडी कपाट उघडल्यावर येतो ना, तसा. फक्त इथे एकाच वेळी पन्नास आज्यांची कपाटं उघडलेली!

हेडिंग्टन म्हणजे टुरिस्टांचं ऑक्सफर्ड नव्हे. इथे जॉन रॅडक्लिफ हे भलंमोठं हॉस्पिटल आहे, शिफ्ट संपवून बसस्टॉपवर उभ्या राहिलेल्या मल्याळी नर्सेस आहेत, आणि एका साध्यासुध्या घराच्या छपरात वरून डोकं खुपसलेला फायबरग्लासचा शार्क आहे. खरंच! नागासाकीवरच्या अणुबॉम्बला ४१ वर्षं झाली त्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्ट १९८६ ला, घरमालकाने तो बसवला. कौन्सिल म्हणाली काढा, हा म्हणाला नाही काढत. १९९२ मध्ये निकाल शार्कच्या बाजूने लागला. तो अजूनही तिथेच आहे.

मुख्य रस्ता लंडन रोड. त्यावर फिरताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. बेकरी, कॉफी, चॅरिटी शॉप, बँक, चॅरिटी शॉप, पुन्हा चॅरिटी शॉप... आपल्याकडे मोबाइल कव्हरची दुकानं असतात, तशी. लोकांनी दान दिलेले कपडे, पुस्तकं, कपबश्या, खेळणी विकायची आणि नफा संस्थेला द्यायचा, इतका साधा मामला. कुठे कॅन्सर संशोधनासाठी, कुठे हृदयरोगासाठी, कुठे हॉस्पिससाठी. (जगातलं पहिलं मुलांचं हॉस्पिस, हेलन हाउस, १९८२ साली याच शहरात सुरू झालं.) ब्रिटनभर अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. दान आलेल्या मालाच्या विक्रीवर व्हॅट शून्य, दुकानाच्या स्थानिक करात ८० टक्के सूट, आणि काउंटरमागे बहुतेक जण बिनपगारी. हे गणित समजलं की रस्ताभर चॅरिटी शॉप्स का, हे कोडं सुटतं.

या सगळ्याचा एक महत्त्वाचा धागा खाली शहरात, ब्रॉड स्ट्रीटवर १७ नंबरला सापडतो. ग्रीसमध्ये दुष्काळ पडला म्हणून १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये एक कमिटी स्थापन झाली. तीच पुढे ऑक्सफॅम झाली. १९४७-४८ च्या हिवाळ्यात तिने या जागेत आपलं पहिलं कायमचं दुकान थाटलं. १९४९ मध्ये तिथे पहिला पगारी माणूस आला, जो मिटी. महायुद्धात लष्करात कॅप्टन होता, मग सरकारी नोकरी, आणि वयाच्या तिशीत हे असलं काम! हिशेब बघायला आणि कपडे वाटायला ठेवलेल्या या माणसाने ठरवलं, लोक जे काही देतील ते विकायचं. त्यातून देशभर दुकानांची साखळी उभी राहिली. या ऑक्सफॅमची मदत १९५१ मध्ये बिहारच्या दुष्काळात आपल्याकडेही आली होती.

तिशीत कपडे वाटायला बसलेल्या कॅप्टनचा किस्सा मला ताईने सांगितला. ताई म्हणजे माझी आतेबहीण, वय ३६. पुण्यात एका खासगी बँकेत ११ वर्षं, शेवटची तीन ब्रँच मॅनेजर. केबिन, ड्रायव्हर, दिवाळीला ढिगाने येणारे ड्रायफ्रूटचे बॉक्स. जिजूंना इथल्या युनिव्हर्सिटीत रिसर्चची नोकरी लागली आणि ती डिपेंडंट व्हिसावर आली. या व्हिसावर नोकरी करायला पूर्ण परवानगी आहे. परवानगीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो प्रत्येक ऑनलाइन फॉर्मवर येणाऱ्या एका चौकटीचा : यूकेमधल्या दोन रेफरन्सेसची नावं लिहा.

“अगं, इथे मला ओळखतं कोण? घरमालक आणि लेकीची टीचर!” ताई म्हणाली. सात महिने, साठेक अर्ज, तीन इंटरव्ह्यू. बाकी सगळीकडून नम्र, गुळगुळीत नकार. घरात बसून ती कोथिंबिरीच्या कुंड्यांशी बोलायला लागली होती, असं जिजू सांगतात. तीही ते नाकारत नाही. मग एक दिवस लंडन रोडवरच्या एका हॉस्पिसच्या दुकानाच्या काचेवर तिने पाटी वाचली, व्हॉलंटिअर्स हवेत. मंगळवार आणि शुक्रवार, १० ते १.

पहिल्या दिवशी तिला गल्ला शिकवला कुणी? १७ वर्षांच्या मुलाने! तो ‘ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड’साठी व्हॉलंटिअरिंगचे महिने भरत होता. “जिने आयुष्यभर कॅश टॅली केली, तिला तो दोन पौंडांची सुट्टी कशी मोजायची ते सांगत होता. मी ‘येस, थँक्यू’ म्हणत होते. घरी येऊन बाथरूममध्ये रडले आणि शुक्रवारी परत गेले.” परत का गेलीस, असं मी विचारलं. “कुणीतरी ‘सी यू ऑन फ्रायडे’ म्हणालं होतं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझी वाट बघणार होतं.”

माझाही प्लॅन तिथेच शिजला. व्हिजिटर व्हिसावर रजिस्टर्ड चॅरिटीत एकूण ३० दिवसांपर्यंत व्हॉलंटिअरिंग चालतं. मॅनेजरबाईंना विचारलं, त्यांनी एप्रन हातात दिला. दोन शिफ्टमध्ये मागच्या खोलीतलं जे शिकले ते असं. पिशवी आली की आधी खिसे तपासायचे. बसची तिकिटं, पेपरमिंट, चुरगाळलेले टिश्यू. मग चाळणी : विकण्यासारखं, पुस्तकं, भांडीकुंडी, आणि ‘रॅग’. इस्त्री नाही, स्टीमर मारायचा. टॅगच्या पिस्तुलाने किंमत टोचायची. टॅगवर आठवड्याचा कोड असतो. ठरावीक आठवड्यांत नाही विकलं, तर ते खाली उतरवायचं. दान देणारा इन्कम टॅक्स भरत असेल आणि त्याने ‘गिफ्ट एड’चा फॉर्म भरला असेल, तर १० पौंडांच्या विक्रीवर सरकार संस्थेला आणखी अडीच पौंड देतं. तेवढ्यासाठी त्या पिशवीतल्या प्रत्येक ब्लाउजवर वेगळं स्टिकर. ताई हे स्टिकर असं चिकटवते, जणू डिमांड ड्राफ्टवर सही करतेय!

आणि ‘रॅग’चं काय होतं? ते किलोवर विकलं जातं. युरोप-अमेरिकेतल्या अशा जुन्या लोकरी कपड्यांचा मोठा वाटा हरियाणातल्या पानिपतला पोहोचतो. तिथे ते फाडून, पिंजून त्याचं सूत आणि स्वस्त ब्लँकेट्स बनतात. म्हणजे ऑक्सफर्डमध्ये न खपलेल्या स्वेटरचं शेवटी अक्षरशः पानिपत होतं! हा जोक तिथल्या कुणालाच कळला नाही. आम्ही दोघी मात्र पाच मिनिटं हसत होतो.

जोक सोडा, पण अंगावर काटा आणणाऱ्या पिशव्याही येतात. जुन्या कपड्यांच्या दुकानात येणारे बरेच कपडे गेलेल्या माणसांचे असतात. माझ्या दुसऱ्या शिफ्टला ऐंशीच्या पुढचे एक आजोबा दोन सूटकेस ओढत आले. बायकोचे कार्डिगन्स, सगळे धुऊन घडी घातलेले. ताईने फॉर्मचं नाव काढलं नाही, आधी स्टूल दिलं. ते बसले. मग म्हणाले, एक विनंती आहे, हे शोकेसमध्ये लावू नका. मी रोज बसने याच रस्त्याने जातो. ताईने मॅनेजरला न विचारताच ‘नाही लावणार’ म्हणून सांगितलं, आणि दोन्ही सूटकेसमधला माल बॉक्समध्ये भरून त्यावर मार्करने लिहिलं, ‘विटनी’. संस्थेचं दुसरं दुकान तिकडे आहे, बसच्या रस्त्यापासून लांब. मॅनेजरबाईंनी बॉक्स पाहिला, ताईकडे पाहिलं आणि फक्त मान डोलावली. ११ वर्षांच्या बँकेतल्या कस्टमर सर्व्हिसचा त्या दिवशी उपयोग झाला, असं मला वाटलं. बोलले नाही.

इरकलीचा किस्सा मात्र ती स्वतःच सगळ्यांना सांगते. पडद्यांच्या हँगरवर एक हिरवं कापड लटकत होतं, टॅगवर ‘पडद्याचं कापड, ८ मीटर, ६ पौंड’. जवळ जाऊन बघते तर काय, नऊवारी! चांगली काठपदराची इरकल, कुणा आजीची, नेसून नेसून मऊ झालेली. कोणाकडून आली, कळायला मार्ग नाही. ताईने टॅग काढला, स्टाफला जमवून साडी म्हणजे काय, लुगडं म्हणजे काय, यावर दहा मिनिटांचं लेक्चर दिलं आणि शोकेसमधल्या पुतळ्याला ती नेसवली. पुतळ्याला पायच नव्हते, त्यामुळे कासोटा रद्द! किंमत लावली ४५ पौंड. आठवडाभराने एका बाईंनी ती घेतली, पॅचवर्कची रजई करायला. दुकानातल्या बाकीच्यांना वाईट वाटलं. ताईला अजिबात नाही. “गोधडीच ना? साताऱ्यात राहिली असती तरी तेच झालं असतं.”

आता थोडं कडू. इथे कोणी ‘राजीनामा द्या, व्हॉलंटिअर व्हा, स्वतःला शोधा’ असा फंडा घेऊन उठलं, तर मला तो पटत नाही. मंगळवारी सकाळी तीन तास फुकट काम करणं परवडतं, कारण घरात दुसरा पगार आहे. वाकड किंवा ऐरोलीत फ्लॅटचा ईएमआय भरणाऱ्या ३४ वर्षांच्या एकट्या माणसाला हे सांगून दाखवा! शिवाय लाखाहून जास्त माणसांच्या बिनपगारी तासांवर उभ्या असलेल्या या दुकानांत कौतुक कुठे संपतं आणि सोय कुठे सुरू होते, हा प्रश्न तिथल्या मागच्या खोलीतही चहाच्या वेळी निघतो. पण त्याच खोलीत नैराश्यातून बाहेर पडणारा एक शिक्षक होता, नुकतीच इंग्रजी शिकणारी एक युक्रेनियन आई होती, ७८ वर्षांच्या दोन मैत्रिणी होत्या. चहाचा डबा सगळ्यांचा एकच. आधी काय होतात, असं कुणीच विचारत नव्हतं. ताईला पहिले काही आठवडे याचाच राग यायचा. नंतर त्याचीच सवय झाली.

आणि रेफरन्स? तो मिळाला. मी तिथे असतानाच तिच्यासमोर दोन गोष्टी आल्या. एका फायनान्स कंपनीत काउंटरवरच्या पार्टटाइम नोकरीचा इंटरव्ह्यू, आणि याच दुकानात असिस्टंट मॅनेजरची पगारी जागा. पुण्यातल्या हुद्द्याच्या हिशेबाने दोन्ही खालच्याच. जिजूंचं मत, आधी काउंटर, ‘लाइन सुटायला नको’. ताईने तीन रात्री घेतल्या आणि दुकानाचा फॉर्म भरला. एक साखळी आहे, तेरा-चौदा दुकानं आहेत, कोणत्या दुकानात कोणता माल फिरवायचा हे कुणी नीट बघत नाही, तिला ते बघायचंय. हे सांगताना ती एक्सेल शीट उघडूनच बसली होती.

राहिली होती आत्या. साताऱ्यात आत्याला दीड वर्ष एवढंच माहीत होतं की मुलगी ‘कपड्यांच्या शोरूममध्ये’ जाते. आत्याच्या घरात कपडे दारावरच्या बोहारणीला द्यायचे असतात. दोन साड्या, एक पँट, वर जरीचा तुकडा, आणि अर्धा तास घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं. दुसऱ्याचे उतरलेले कपडे हाताळायचे? शिव शिव! त्यामुळे नोकरी पक्की झाली त्या रविवारी व्हिडिओ कॉल लावताना ताईचा आवाज मला चक्क ब्रँच ऑडिटच्या आदल्या दिवसासारखा वाटला. तिने सगळं सांगितलं. जुने कपडे, गेलेल्या माणसांचे कपडे, पगार, सगळं.

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

मग आत्या म्हणाली, “म्हणजे बोहारीणच की गं तू!” आणि लगेच, त्याच दमात, “पण पातेलं न देता कपडे देतात लोक? काय वेडे आहेत का?”