रानाचे धनी

आम्हां खानदेशी माणसांना रान म्हटले की सातपुडा आठवतो. चोपडा, यावलहून उत्तरेस पाहावे, तो त्याची निळसर रांग दिसते. साक्रीच्या पश्चिमेस गेले, की सह्याद्रीचे डोंगर भेटतात. १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी इंग्रज सरकारने रानांवर आपली मालकी पक्की केली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेला भिल्ल, पावरा, कोकणा आपल्याच रानात परका ठरला. परक्या वस्तूची काळजी कोण वाहणार? रक्षक पाठ फिरवी आणि कुऱ्हाड चाले.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या लहानशा गावाचे डोंगरही असेच उघडेबोडके झाले होते. पाण्यासाठी बायकांची पायपीट होई. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीमागे न जाता गावीच राहिले, आणि १९९० नंतर गावकऱ्यांनी एकत्र बसून स्वतःच नियम केले. रानात बैलगाडी न्यायची नाही. झाड तोडील त्याला दंड. ऐकायला हे सोपे वाटते. पण चूल तर रोज पेटवावी लागते, आणि दंड करायचा तो शेजाऱ्याला, कधी सख्ख्या भावालाही! सरकारी शिपायाला चुकवता येते. ज्या बैठकीत आपणच मान डोलावली, तिला कसे चुकवावे? माझ्या मते त्या नियमांचे सारे बळ येथेच होते. सुमारे अकराशे एकरांचे रान हळूहळू पुन्हा दाटले आणि विहिरींना पाणी आले. २०२५ मध्ये पवारांना 'पद्मश्री' मिळाली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वनहक्कांच्या ग्रामसभेस निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश तरी स्त्रिया हव्यात. ही अट मला फार मोलाची वाटते. सरपण आणि पाणी ज्यांच्या डोक्यावरून येते, त्यांना वगळून रानाचा निर्णय कसला? तरी कागदावरचा हक्क पदरात पडेपर्यंत दाव्यांच्या कागदांमागे खेटे घालून माणसे थकून जातात, हेही खरे.

बारीपाड्यात पावसाळ्यात रानभाज्यांची स्पर्धा भरते. स्त्रिया रानातून खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. कोणती भाजी कोठे उगवते, कशी शिजवावी, हे पाहुण्यांना त्याच समजावून सांगतात.