पहिलं खोटं

ओठांना बेसनाचे कण चिकटलेले, एक हात पाठीमागे, आणि वर ‘लाडू मी नाही खाल्ला’. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराचं हे खोटं एक तर हसण्यावारी जातं, नाहीतर पाठीत धपाटा बसतो. माझ्या मते त्याआधी त्याचं वय पाहायला हवं. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट समोरच्याला ठाऊक नसते, एवढं उमगल्याशिवाय खोटं जमत नाही. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते; परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बेधडक नव्या जागी बोट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षी उत्तर बदलू लागतं. तोवरचं खोटंही अर्धकच्चंच. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांच्या प्रयोगांत, बघू नकोस असं बजावलेलं खेळणं पाहूनही ‘मी चोरून पाहिलं नाही’ म्हणणारी लहान मुलं ‘मग ते काय असेल?’ या पुढच्याच प्रश्नाला त्या खेळण्याचं नाव सांगून टाकत. म्हणजे या वयातलं खोटं हे समज वाढत असल्याचं लक्षण. त्यात लबाडी शोधणं म्हणजे मोठ्यांचं मन मुलावर लादणं.

मग काय, खोटारडेपणाचं कौतुक करायचं? मुळीच नाही. आठ वर्षांचं मूल विचार करून थाप मारतं आणि तिचा जाब त्याला द्यावाच लागेल. ‘आम्ही मार खाऊनच सरळ झालो’ हा खरा आक्षेप, आणि तो सहज झटकण्यासारखा नाही. शिस्तीची गरज कोण नाकारेल? पण तलवार आणि ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची, एक छडीची आणि एक बिनछडीची, तुलना केली, तेव्हा छडीच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि ते अधिक सफाईने निभावूनही नेलं. दोनच शाळा, तेव्हा निष्कर्ष जपून काढावा. तरी मार खाऊन सरळ झालेल्यांपैकी किती जण फक्त पकडले जाईनासे झाले, ही शंका उरतेच. गोष्टी सांगून धाक घालण्याचंही तेच. लीच्याच गटाने २०१४ मध्ये मुलांना ‘लांडगा आला रे आला’ ऐकवली, पिनोकिओ ऐकवला. खरेपणात फरक पडला नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करून शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या वॉशिंग्टनच्या कथेने मात्र पडला. मग त्याच कथेचा शेवट बदलून खोटं बोलल्याचे वाईट परिणाम दाखवले, आणि तो फरक नाहीसा झाला.