ठेच्यावरचा आळ

आमच्या इंदापूर तालुक्यात पोटात जळजळ झाली की पहिला आळ मिरचीवर येतो, दुसरा काळजीवर. आईच्या बाबतीत दोन्ही झालं. ऊस, पाणीपट्टी, बहिणीचं लग्न, सगळ्याची काळजी तिलाच. त्यात ठेच्याशिवाय भाकरी घशाखाली उतरायची नाही. मग ठेचा बंद झाला. दूध-भात, मुगाचं वरण. तरी मध्यरात्री पोट रिकामं झालं की बरगड्यांच्या मधोमध आग पडायची. ती उठून खायचा सोडा पाण्यात घालून प्यायची आणि थोडा वेळ बरं वाटायचं. जेवण इतकं अळणी करूनही दुखणं जागचं हललं नाही, याचा विचार घरात कुणी केला नाही.

एका सकाळी ती म्हणाली, "संडासला डांबरासारखं काळं होतंय." उभं राहताना चक्करही येत होती. गाडी काढली आणि भवानीनगरवरून थेट बारामती गाठली. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. ती पांढरीफटक होती. काळी, चिकट, उग्र वासाची संडास म्हणजे वर कुठंतरी रक्त झिरपतंय आणि पचून खाली येतंय, असं त्यांनी सांगितलं. रक्त चढवलं आणि दुर्बिणीतून तपासणी केली.

पडद्यावर मला तो अल्सर दिसला. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथं पांढुरक्या तळाचा, लाल कडांचा खड्डा होता. डॉक्टरांनी जठराच्या अस्तराचा कणीएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये ठेवला. बघता बघता त्याच्याभोवतीचा पिवळा रंग गुलाबी होत गेला. तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू होता. तो युरिया फोडून अमोनिया तयार करतो. त्यामुळे रंग पालटतो आणि त्याच अमोनियाच्या जोरावर हा जंतू जठरातल्या तीव्र आम्लात तग धरतो. बहुधा लहानपणीच, घरातल्याच माणसांकडून तो पोटात जातो आणि औषध घेतलं नाही तर सहसा जन्मभर राहतो. पुष्कळांना काहीच त्रास होत नाही, काहींना अल्सर होतो, थोड्यांना पुढं जठराचा कॅन्सरही.

हे जगाला कळलं ते फार जुनं नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हा जंतू प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते. 1982 साली ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायला ठेवलेल्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या आणि त्यात तो वाढला. आम्लात जंतू जगूच शकत नाही, असं मानणारे डॉक्टर ऐकेनात. तेव्हा 1984 साली मार्शलनी जंतू घातलेलं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना 2005 साली नोबेल मिळालं. आईचं दुखणं त्यानंतरचं आहे, तरी आमच्या गावात उपाय दूध-भाताचाच चालू होता. याचा मला आजही राग येतो.

डॉक्टरांनी मग विचारलं, "मावशी, गुडघ्यासाठी काय घेता?" आईनं पिशवीतून डायक्लोफेनॅकचं पाकीट काढलं. मेडिकलमधून आणलेली, रोजची. जठराचं अस्तर जपणारी द्रव्यं शरीर स्वतः बनवतं; या गोळ्या नेमकी तीच अडवतात. गोळीचा हा परिणाम रक्तावाटेही होतो, म्हणून जेवून घेतली तरी धोका पुरता टळत नाही. जंतू आणि गोळी एकत्र आले की अल्सरचा आणि रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

डायक्लोफेनॅक बंद झाली. 14 दिवस दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी. तोंड कडू पडलं, पण एकही डोस चुकवू दिला नाही, कारण अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, उलट औषधाला दाद देईनासा होतो. आम्लाची गोळी पुढं काही आठवडे चालली. ती थांबवून पंधरवडा गेल्यावर फुंकरीची तपासणी केली. जंतू गेला होता. आई ठेचा खाऊ लागली.

हंगामात आमच्या फडावर ऊसतोडीची टोळी येते. मोळ्या वाहून कंबर गेलेल्या बाया अंगदुखीची गोळी रोज घेतात, काळ्या चहाबरोबर. मी त्यांना काळ्या संडासबद्दल सांगतो, गोळीबद्दल विचारतो. त्यातली एक म्हणाली, "भाऊ, गोळी नाही घेतली तर कोयता कसा उचलू?" तिच्या पोटातही रात्री आग पडते. तिला बारामतीला न्यायचं मुकादमाशी बोलून ठरवलंय. जंतू निघाला, तर टोळी पुढच्या गावाला हलायच्या आत तिचे औषधाचे 14 दिवस पुरे व्हायला हवेत.