जवारी चटणी

होळी झाली आणि ऊन तापू लागले, की आमच्या बेळगावात मिरच्यांचे दिवस येतात. गच्चीवर जुन्या साड्या पसरून त्यावर मिरच्या वाळत पडतात, दुपारी देठ खुडायला शेजारपाजारच्या बायका जमतात आणि कांडप गिरणीवरून जाणारा प्रत्येकजण शिंकत पुढे जातो. आमच्या घरी या दिवसांत दोन भाषांत भांडण चालते. माझ्या आईची ती ‘वर्षाची चटणी’ आणि गोकाकहून आलेल्या माझ्या बायकोचा तो ‘मसाली खारा’. खोबरे किती, लसूण किती, यावर दोघींची जुंपते. बरणी मात्र एकच भरते.

यंदाच्या उन्हाळ्यात भांडण झालेच नाही. चटणी कांडून आणली, आईने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, ‘‘रंग आहे की रे, पण ही आपली नव्हे.’’ आतून बायको म्हणाली, ‘‘हौद्री अत्ती, इद नम्म खारा अल्ल.’’ लग्नाला अठरा वर्षे झाली, चटणीवरून सासू-सुनेचे एकमत मी प्रथमच पाहिले. दोघींनी मिळून दोष बाजार करणाऱ्याला दिला, म्हणजे मला.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. जागतिकीकरण हा धडा दरवर्षी मुलांपुढे मांडतो. त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयारच होते: बाहेरचा माल शिरला, म्हणून चव गेली. ते सिद्ध करायला मी मसाल्याची यादी घेऊन नेहमीच्या किराणा दुकानात जाऊन बसलो आणि एकेका जिनसाचे गाव विचारू लागलो. दुकानदार जुना ओळखीचा. गिऱ्हाईक नव्हते, त्यामुळे त्याने सगळे सांगितले. खसखस तुर्कस्तानची. आपल्याकडे अफूची शेती सरकारी परवान्याने फक्त मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात होते, तेवढी पुरत नाही. लवंग मादागास्कर किंवा झांझिबारची. दालचिनी म्हणून जी जाड साल मिळते, ती बहुतेक व्हिएतनाम-चीनकडची. मसाला वेलदोडा नेपाळचा. हिंगाचा चीक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. हिमाचलातल्या लाहौलमध्ये हिंगाची रोपे लावून पाहायला सुरुवात झाली तीच मुळी २०२० साली. पूर्वी मसाला शेंगतेलात तळायचे. आता घरात सूर्यफुलाचे तेल. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि आमच्या गल्लीतल्या डब्याचा भाव चढला, हे उदाहरण मी वर्गातही देतो.

एवढा पुरावा घेऊन मी घरी आलो. आईने शांतपणे ऐकले. ‘‘मग तेव्हा लवंगा काय खानापुरात पिकत होत्या? माझ्या लहानपणी हिंग घेऊन पठाण दारावर यायचा. चटणी तेव्हाही आपलीच होती की.’’

माझ्या धड्याची हवाच गेली. आणि खरे म्हणजे मिरची तरी कुठे आपली? दक्षिण अमेरिका-मेक्सिकोकडची ही वेल नव्हे, झुडूप, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आले. तिला आपल्याकडे नावही नव्हते. मराठीने मिरीवरून मिरची केले, कानडीने मेणसूवरून मेणसिनकाई. दोन्ही घरांनी पाहुणीला एकाच रीतीने नाव ठेवले, हे मला फार आवडते.

मग बिघडले काय? रंग तर होता. ब्याडगी अजून तशीच लाल आहे, कारण तिच्या रंगाला जगात गिऱ्हाईक आहे. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातून काढलेला रंग परदेशी खाद्यपदार्थांत जातो, लिपस्टिकमध्येही जातो. म्हणून तिची बाजारपेठ मोठी आणि तिथली उलथापालथही मोठी. २०२४ च्या मार्चमध्ये भाव कोसळले, तेव्हा ब्याडगीच्या बाजारात शेतकऱ्यांनी गाड्या पेटवल्या होत्या.

पण आईची चटणी नुसत्या ब्याडगीची कधीच नव्हती. दोन वाटे ब्याडगी रंगाला आणि एक वाटा संकेश्वरी ठसक्याला. यंदा मी आणली ती कुठली, हे विचारायला पुन्हा दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘‘सर, गुंटूरची आहे. जवारी संकेश्वरी आता येते कुठे? लावतंय कोण?’’

मी गप्प बसलो. कारण लावत होतो ते आम्हीच. हुक्केरी तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे. तिच्या एका कडेला वडील दरवर्षी घरच्या बियाची मिरची लावत. लांब, बारीक, वाळल्यावर सुरकुतलेली. झाडाला रोग लवकर लागायचा, माल थोडा निघायचा आणि तोडायला बायका मिळत नव्हत्या. २००८ साली बोअरला पाणी लागले. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. एकरी खर्च किती, उत्पन्न किती, असा हिशेब वहीत मांडून मी वडिलांना दाखवला आणि सगळ्या रानात ऊस लावायला लावला. हिशेब बरोबर होता. त्या उसावरच घराचा वरचा मजला उठला. वडिलांनी एकदाच विचारले होते, ‘‘बी तरी राखू का?’’ मी म्हटले, बाजारात मिळतं की.

हे मी आईला सांगायला गेलो, तर तिने भाजी निवडता निवडता मान हलवली. ‘‘मला काय ठाऊक नाही होय? तुझ्या तोंडून यायला इतकी वर्षं लागली.’’

गडहिंग्लजकडच्या एका नातेवाइकांनी बांधावर अजून चार ओळी राखल्या आहेत. त्यांच्याकडून मूठभर बी आणले. जूनमध्ये बायकोने गच्चीवर बारा रोपे लावली, तीन गेली, नऊ जगली. दिवाळीनंतर पहिला तोडा झाला, ओंजळभर. आईने एक मिरची मोडून नाकाशी नेली आणि तिला जो ठसका लागला, तो पाणी दिले तरी थांबेना. डोळे पुसत ती सुनेला म्हणाली, ‘‘एवढ्यात चटणी काय व्हायची? ठेचाच होईल बघ.’’

बायको खलबत्ता काढायला आत गेली. लसूण किती घालायचा, यावर दोघींचे पुन्हा सुरू झाले.