जीर्ण होण्याचे भाग्य

माणसाचे वय चेहऱ्यावरून ओळखता येते. कापडाचे खरे आयुष्य मात्र ते मातीत गेल्यावरच कळते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आमच्या घरात लुगडे 'फाटले' असे सहसा कुणी म्हणत नसे, 'विरले' म्हणत. आजीचे नऊवारी विरले की त्याची दुपटी होत, बाळोती होत; उरल्यासुरल्याची गोधडी. गोधडी विरली की पोतेरे, आणि पोतेऱ्याचा शेवट परसातल्या उकिरड्यावर. उन्हाळ्यात ते खत शेतात पडे तेव्हा त्यात लुगड्याचा धागाही सापडत नसे. "मातीतून आलं, मातीत गेलं," एवढेच आजी म्हणायची.

गेल्या वर्षी आजी गेली. तिच्या पेटीत चार सुती लुगडी निघाली आणि कुणीतरी आहेर केलेली, कधीही न नेसलेली एक नायलॉनची साडी. मृग लागण्याआधी मी परसात हातभर खड्डा खणला आणि चार तुकडे पुरले : विरलेल्या लुगड्याचा, जुन्या घोंगडीचा, आजोबांच्या सोवळ्याच्या रेशमी कदाचा आणि त्या साडीचा. आई नुसती बघत राहिली.

दसऱ्याला खड्डा उकरला. लुगड्याच्या जागी गवताच्या मुळांना चिकटलेले दोनचार काळे तंतू होते. कद हाताला लागताच तुटला. घोंगडी बुळबुळीत झाली होती, पण तिचा आकार शाबूत होता. साडीचा तुकडा मात्र नळाखाली धरला आणि त्यावरची गुलाबाची फुले पुन्हा टवटवीत दिसू लागली! मला त्या फुलांची भीतीच वाटली.

रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले, "यात नवल ते काय?" कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, मातीतल्या बुरशीचे आणि जिवाणूंचे ते रोजचे जेवण. रेशीम आणि लोकर ही प्रथिने. लोकरीतल्या केराटिनला गंधकाचे टाके असतात, म्हणून ती चिवट. पण नायलॉन जन्मले 1935 साली आणि टेरिलीन 1941 साली. कोट्यवधी वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मातीला हे पदार्थ ठाऊकच नाहीत. जपानमध्ये पॉलिएस्टरच्याच जातीचे प्लॅस्टिक खाणारा जिवाणू सापडल्याचे 2016 साली जाहीर झाले. पण शर्टाचा घट्ट वळलेला धागा त्यालाही सहज पचत नाही. टेरिलीन कुजायला शेकडो वर्षे लागतात म्हणतात, तो अंदाजच. पहिल्या टेरिलीनच्या धाग्याने अजून वयाची नव्वदीही गाठलेली नाही. त्याचे मरण पाहणार कोण?

अर्थात सारे काही धाग्याच्याच हाती नसते. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापड चार हजारांहून अधिक वर्षे टिकले, कारण धातूच्या क्षारांनी जिवाणूंना जवळ येऊ दिले नाही. ऊब, ओल आणि हवा मिळाली तर कापूस काही महिन्यांत संपतो. कचऱ्याच्या डोंगराखाली कोंडला तर तोही रेंगाळतो.

गीतेने देहाला जुन्या वस्त्राची उपमा दिली, ती वस्त्रे जीर्ण होत होती म्हणून. आपल्या स्नेहसंमेलनाला आपण दरवर्षी जे चकचकीत टी-शर्ट शिवून घेतो, ते एका संध्याकाळपुरते अंगावर असतात. आपण पदव्या घेऊ, संसार करू, म्हातारे होऊ. 'बॅच'चे नाव छातीवर मिरवीत ते कुठल्यातरी खड्ड्यात तसेच पडून राहतील. अमरत्व हवे तर ते असल्या गोष्टींना कशाला?

आजीची उरलेली लुगडी डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवावीत, असे मला आधी फार वाटत होते. आईने ती ऐकता ऐकता गोधडीसाठी अंथरली आणि मला दोरा आणायला पिटाळले.

"पक्का आण. टेरिलीनचा," ती म्हणाली. "सुती दोरा लवकर तुटतो."

मी सुतीच रीळ आणले. लुगडी मातीत जातील आणि धावदोऱ्याचे टाके तेवढे मागे उरतील, हे मला बघवले नसते. आईने रीळ हातात घेतले, दोरा दातांनी तोडून पाहिला.

"उसवली तर पुन्हा टाके घालायला तू बसायचंस हं."

"बसेन," मी म्हणालो आणि सुई ओवायला घेतली.