‘अशी मुले आमच्याकडे नाहीत’

आम्ही कारकून माणसे. बी.कॉम. झालो आणि निम्मे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. संध्याकाळी वस्तीत कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, कुणाच्या पोराचा वसतिगृहातला प्रवेश अशी कामे करतो. त्यालाच लोक समाजकार्य म्हणतात. परंतु समाजकार्य हे शिकण्याचे, शिकवण्याचे आणि संशोधनाचेही शास्त्र आहे, हे आमच्या लेकीने एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतल्यावर आम्हांला नीट कळले. तिच्या पुस्तकांत एका अमेरिकन प्राध्यापकांचे पुस्तक होते. आम्ही ते लोकलच्या प्रवासात, शब्दकोश जवळ बाळगून, दोन महिन्यांत वाचून काढले. ज्या विषयाचे बोलणे निघाले की आपल्या घरांत मुलांना बाहेर पिटाळले जाते, त्या विषयावरचे ते पुस्तक आहे. म्हणूनच कुटुंबाच्या या पानावर त्याविषयी लिहावे असे वाटले.

प्राध्यापकांचे नाव जेराल्ड मॅलन. पुस्तक १९९८ सालचे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने ते काढले. विषय आहे, आईबापांचे छत्र सुटलेल्या आणि सरकारच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांपैकी जी समलिंगी आहेत, त्यांचे काय होते? समलिंगी म्हणजे ज्या मुलाचा जीव मुलावर जडतो, ज्या मुलीचा मुलीवर जडतो. काहींचे शरीर मुलाचे असते पण मनाने ती मुलगी असते, किंवा याच्या उलट. त्यांना आज पारलिंगी म्हणतात. त्यांच्याविषयी मॅलन यांनी नंतर वेगळी पुस्तके लिहिली.

अमेरिकेत आईबाप मुलाला सांभाळू शकत नसतील, मारझोड करीत असतील, व्यसनात बुडाले असतील, तर सरकार मुलाला आपल्या ताब्यात घेते. त्याला दुसऱ्या एखाद्या कुटुंबात ठेवते आणि त्या कुटुंबाला खर्चासाठी पैसे देते. कुटुंब न मिळाल्यास थोड्या मुलांच्या निवासात किंवा मोठ्या संस्थेत ठेवते. कागदावर व्यवस्था चांगली आहे. परंतु या व्यवस्थेतल्या मुलांना, तुमचे कसे चालले आहे, असे विचारणारे थोडेच होते.

मॅलन हे विचारणाऱ्यांपैकी. ते १९७० च्या दशकात या क्षेत्रात आले. आधी मुलांमध्ये काम, मग विद्वत्ता, असा त्यांचा मार्ग. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूस्टर गावी शेत आणि जनावरे यांच्या सोबतीने मुलांना वाढवणारी ग्रीन चिमनीज नावाची संस्था आहे. तिने न्यूयॉर्क शहरात समलिंगी मुलांसाठीही निवास चालवले. त्या संस्थेत मॅलन वरिष्ठ पदावर होते. पुढे न्यूयॉर्कच्याच हंटर कॉलेजच्या समाजकार्य विद्यालयात ते प्राध्यापक झाले. तिथले त्यांचे पद ज्यूलिया लेथ्रॉप यांच्या नावाचे आहे. या बाई १९१२ साली अमेरिकन सरकारने मुलांसाठी काढलेल्या पहिल्या खात्याच्या पहिल्या प्रमुख होत्या.

पुस्तकासाठी न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि टोरांटो या तीन शहरांतल्या ५४ मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या आहेत. त्या देशात नव्या शेजाऱ्याच्या दारी भेटवस्तू घेऊन स्वागताला जाण्याची रीत होती. त्या रीतीवरूनच पुस्तकाला नाव दिले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, ‘आम्हांला काही कोणी ओवाळून आत घेतले नाही.’

यातली सगळी मुले समलिंगी म्हणून घराबाहेर पडली होती असे नाही. बरीचशी इतर मुलांसारखीच, घर मोडले, आईबापांनी लक्ष दिले नाही, म्हणून संस्थेत आली होती. परंतु आत आल्यावर त्यांच्यावर दुसरे संकट आले. बरोबरची मुले मारीत, चिडवीत. कर्मचारी बघून न बघितल्यासारखे करीत. मग मुलाला या घरातून त्या घरात, तिथून तिसऱ्या संस्थेत हलवायचे. मारणारी मुले जागच्या जागी आणि मार खाणाऱ्याची बदली! निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितले की कधी ना कधी आम्ही रस्त्यावर राहिलो, कारण संस्थेपेक्षा रस्ता आम्हांला सुरक्षित वाटला. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. थंडीत बर्फ पडणाऱ्या शहरात पोराला रस्ता बरा वाटावा, म्हणजे आत काय असेल!

हे एका माणसाचे म्हणणे नव्हे. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये सरकारी खाते आणि संस्था यांच्या संयुक्त गटाने अशी पाहणी केली होती. विचारलेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुलांना या छळापायी ठिकाण सोडावे लागले होते किंवा तिथून काढले गेले होते. सामूहिक निवासात राहणाऱ्या ७० टक्के मुलांनी मार खाल्ला होता. आणि शिव्या? त्या तर शंभरातल्या शंभरांनी खाल्ल्या होत्या. आम्ही आकड्यांत वावरणारी माणसे. पण पाहणीत शंभर टक्के हा आकडा आम्ही क्वचितच पाहिला आहे.

मॅलन यांनी एका गोष्टीवर वारंवार बोट ठेवले आहे. संस्थेत विचारायला जावे, तर अशी मुले आमच्याकडे नाहीतच, असा सूर निघतो. मूल भीतीने गप्प राहते आणि संस्था म्हणते, बघा, कोणी बोलत नाही म्हणजे कोणी नाही. २०१४ साली लॉस एंजेलिस परगण्यात सरकारी देखरेखीखालच्या १२ ते २१ वर्षांच्या मुलांना व्यवस्थित विचारण्यात आले, तेव्हा पाचांतला जवळजवळ एक या प्रकारचा निघाला. बाहेरच्या समाजातल्या प्रमाणापेक्षा हे दीड ते दोन पट अधिक. विचारले तेव्हा सापडली.

लेक प्रात्यक्षिक कामासाठी इथल्या एका बालगृहात जात होती. आम्ही तिला म्हटले, तिथे सहज विचारून बघ. तिने विचारले. अधीक्षक हसून म्हणाले, “नाही हो ताई, अशी मुलं आमच्याकडे नाहीत.” सात समुद्रांचे अंतर, पण उत्तर एकच.

न्यूयॉर्कमध्ये मात्र गोष्ट तिथे थांबली नाही. अभ्यासकांनी लिहिले, कार्यकर्त्यांनी ओरड केली, मुले कोर्टात गेली. २००३ सालचा एक खटला आहे. मुलांच्या निवासात ठेवलेली १७ वर्षांची एक पारलिंगी मुलगी. तिला स्कर्ट घालायला मनाई केली होती. न्यायालयाने निकाल दिला की तिला तिचे कपडे घालू द्यावेत. कपड्यावरून कोर्ट कशाला, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या वाडवडिलांनी अंगावर काय घालावे आणि काय घालू नये हे दुसऱ्यांनी ठरवले, त्यांना हे समजावून सांगायला नको. त्याच २००३ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की सरकारी देखरेखीखालच्या मुलाला या कारणावरून भेदभाव सोसावा लागता कामा नये. त्या देशातला असा तो पहिला कायदा.

आता घराकडे वळू. कारण संस्था हा दुसरा मुक्काम असतो. पहिला मुक्काम आपलेच घर. त्याच देशातल्या केटलिन रायन नावाच्या समाजकार्यकर्त्या-संशोधक बाईंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी विद्यापीठात २००२ पासून हाच प्रश्न हाती घेतला. अशा मुलांशी आईबाप कसे वागतात आणि पुढे त्या मुलांचे काय होते? २००९ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. २१ ते २५ वयाच्या २२४ तरुणांना विचारले होते. ज्यांना घरच्यांनी फार झिडकारले, त्यांच्यात जीव देण्याचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, ज्यांना घरी फारसे झिडकारले नाही अशांपेक्षा ८.४ पट होते. तीव्र नैराश्याचे प्रमाण ५.९ पट. आणि विरोध जसा कमी, तसा धोकाही कमी.

याचा अर्थ आम्हांला असा लागला की आईबापाने एका रात्रीत सर्व पटवून घेतलेच पाहिजे असे नाही. मारणे थांबवले, टोमणे थांबवले, घरातल्या कार्यात मुलाला इतरांबरोबर बसवले, एवढ्यानेही पोराच्या जिवाचा धोका कमी होतो.

हे सगळे आम्ही वाचून सोडून दिले असते. पण गेल्या वर्षी वस्तीतली एक बाई आमच्याकडे आली. नाव सांगत नाही, वाचकांनी तर्कही करू नये. धुणीभांडी करणारी बाई, नवरा बिगारी. थोरला मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. चालणे-बोलणे नाजूक म्हणून पोरे त्याला बायल्या म्हणत. एका मित्राला पाठवलेले मेसेज बापाने मोबाइलवर पाहिले आणि पट्ट्याने झोडपले. पोरगा दोन रात्री स्टेशनवर झोपला होता.

बाई म्हणाली, “भाऊ, तुमची वळख हाय. याला लांबच्या एखाद्या होस्टेलात टाका. तिथं शिस्त लागंल, सुधरंल.”

वसतिगृहाचे फॉर्म भरणे हे आमचे नेहमीचे काम. आजवर कित्येक पोरे आम्ही वसतिगृहांत घातली, शिकून मोठी झाली. पण हा फॉर्म आम्ही भरला नाही. आम्ही म्हटले, “ताई, त्याला शिकायला पाठवायचं असेल तर जरूर पाठवू. शिक्षा म्हणून नको. तिथं शंभर पोरांत तो एकटा पडेल, आणि तिथून पळाला तर घरी यायचा नाही.”

“मंग डाक्टरला दावू का?”

आम्ही सांगितले की हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढले. ‘बरे करतो’ म्हणून जे उपचार चालतात, त्यांना आपल्या देशातल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले आहे. तो गुन्हाही नाही. प्रौढांच्या परस्पर संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमाचा भाग ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बाई ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे तो असाच ऱ्हानार?” आम्ही म्हटले, “हो, तसाच राहील. पण जिवंत राहील, शिकेल, म्हातारपणी तुम्हांला पाणी देईल.” ती रडली. आमच्या सौभाग्यवतींनी तिला आत नेले, चहा दिला.

बापाकडे आम्ही दोघे-तिघे जाऊन बसलो. भाषण दिले नाही. पोराला क्रूरपणे मारणे हा बालन्याय कायद्याने गुन्हा आहे, एवढे स्पष्ट सांगितले आणि बाकी त्याचे ऐकून घेतले. त्याला भीती होती ती लोकांची. लोक काय म्हणतील, धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमेल! त्याला त्याचे उत्तर मिळाले असे आम्ही म्हणणार नाही. पण पट्टा पुन्हा उचलला गेला नाही. पोरगा बारावीला बसतो आहे. बाप त्याच्याशी अजून मोजकेच बोलतो. परंतु दोघे एका वेळी जेवतात.

आता वाचकांना, विशेषतः आयाबहिणींना, आमचे सांगणे आहे. आपल्या घरात, नात्यात, वस्तीत असे मूल असेल. ते नाही असे धरून चालू नका. बायल्या, छक्का, हे शब्द घरात बोलू नका; दुसऱ्या कुणाला उद्देशून बोललेलेही आपले मूल ऐकत असते आणि त्यावरून, आईला सांगावे की नाही, हे ठरवत असते. मूल सांगायला आले तर आधी ऐका. त्याचे मित्र घरी येऊ द्या. शाळेत, गल्लीत कोणी छळले तर त्याची बाजू घ्या. मारझोड होत असेल, मूल घर सोडून गेले असेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जाता येते. पारलिंगी मुलाला केवळ त्या कारणावरून न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईबापांपासून तोडू नये, अशी तरतूद २०१९ च्या कायद्यात करण्यात आली. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही मुलाची पहिली जागा घर हीच वाटली.

आणि शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगणे. इंजिनियर व्हा, डॉक्टर व्हा, सरकारी नोकरी धरा. पण समाजकार्याच्या अभ्यासाकडेही बघा. मॅलन आणि रायन यांनी काही मोठे यंत्र शोधले नाही. ज्यांना कोणी विचारत नव्हते अशा मुलांसमोर ते वही घेऊन बसले, ऐकले, लिहिले, आणि ते लिहिलेले राज्यकर्त्यांपुढे आणि आईबापांपुढे ठेवले. अशी वही घेऊन आपल्याकडच्या बालगृहांत, आश्रमशाळांत, वसतिगृहांत बसणारी माणसे हवी आहेत. लेकीने तिच्या प्रबंधासाठी हाच विषय मागितला आहे. मार्गदर्शक बाईंनी परवानगी दिली आहे. बालगृहाची परवानगी यायची आहे. अर्ज आम्हीच टाइप करून दिला.