रात्रीची बेल

बोर्डिंग शाळेत राहणाऱ्या मुलाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशीचे हॉस्टेल वेगळे आणि इतर दिवसांचे वेगळे. इन्स्पेक्शनला चादरीवर एक सुरकुती नसते, बूट चकाकतात, बाथरूममध्ये फिनाईलचा वास येतो. पण हॉस्टेल खरोखर कसे आहे हे कळते ते एखाद्या साध्या रात्री, सहावीतला एखादा मुलगा तापाने फणफणतो तेव्हा. त्याच्या हाकेला कोण उठते आणि किती वेळात उठते, यावरून. गेल्या वर्षी माझी आजी वृद्धाश्रमात राहायला गेली आणि तिथेही हेच माप लावायचे असते हे मला समजले.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते गेल्यावर आजी साताऱ्याजवळच्या आमच्या गावी एकटीच राहत होती. बाबा फील्ड पोस्टिंगवर, आई आणि धाकटी बहीण तिसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये आणि मी इथे शाळेत. क्वार्टरला लिफ्ट नाही आणि आजीचे गुडघे तिला जिना चढू देत नाहीत. शेवटी तीच आईला म्हणाली, "पुण्याकडे एखादी बरी जागा बघ. चार माणसांत तरी राहीन." वृद्धाश्रम म्हटले की पोरांनी आईला टाकले असेच लोक समजतात. आमच्या घरी हा निर्णय आजीने स्वतः घेतला होता.

आई जागा बघायला गेली तेव्हा तिथे बाग होती, देवघर होते, जेवण गरम होते. ते सगळे खरेच चांगले होते, आजही आहे. तीन महिन्यांनी एका रात्री आजी बाथरूमला उठली आणि ओल्या फरशीवर घसरून पडली. कॉलबेल होती, पण पलंगाच्या उशाशी. बाथरूममध्ये बेल नव्हती आणि कमोडशेजारी धरायला दांडीही नव्हती. शेजारच्या पलंगावरच्या आजींना जाग आली म्हणून बाकीच्यांना कळले. आजीच्या मनगटाचे हाड मोडले होते. आमच्या घरी फोन आला तो सकाळी दहा वाजता.

त्या रात्री २२ जणांसाठी एकच मावशी ड्युटीवर होत्या. आजी पडली तेव्हा त्या खालच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांची कूस बदलत होत्या. अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे मावशी आपले कामच करत होत्या. आपल्याकडे एका सेंट्रीला एकाच वेळी दोन पोस्ट देत नाहीत. त्यांना मात्र दोन मजले दिले होते.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी आठवडाभर रोज आजीकडे जात होतो. एकदा मी विचारले, "आजी, फरशी ओली राहते हे तू आधीच ऑफिसात का नाही सांगितलंस?" तिने दाराकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "अरे, यांच्याच हातचं खायचंय मला. उगाच वाईटपणा कशाला घेऊ?"

हे वाक्य मला अनोळखी नव्हते. हॉस्टेलमध्ये नवीन आलेल्या मुलाला गुडघ्याला काय झाले विचारले, तर तो म्हणतो, "काही नाही सर, पडलो." ज्यांच्या हातात आपले जेवण, औषध आणि झोप असते त्यांच्याविषयी तक्रार करायला धीर लागतो. मग वय १० असो की ७८. म्हणून मला वाटते की दांड्या, बेल आणि रॅम्प तर हवेतच, पण राहणाऱ्या माणसाला न घाबरता बोलता आले तरच ती जागा सुरक्षित म्हणायची.

आईने व्यवस्थापकांना पत्र लिहिले. त्यात राग नव्हता, फक्त चार मुद्दे होते. आणखी तीन कुटुंबांनी त्यावर सह्या केल्या. बाथरूममध्ये जमिनीपर्यंत पोचणाऱ्या दोरीची बेल आणि स्टीलच्या दांड्या पंधरा दिवसांत बसल्या. कोणी पडले तर त्याच रात्री घरी फोन करायचे ठरले. रात्रीसाठी दुसऱ्या मावशी मिळायला मात्र दोन महिने लागले. त्यासाठी महिन्याची फी थोडी वाढणार होती आणि दोन कुटुंबांनी आधी नकार दिला होता. चांगल्या देखभालीला पैसे लागतात आणि ते कोणीतरी भरायचे असतात, हे मला तेव्हा समजले.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ आणि त्यापुढच्या वयाचे लोक दहा कोटींहून जास्त होते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला. निराधार ज्येष्ठांसाठी राज्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेले वृद्धाश्रम काढावेत आणि त्यांच्या दर्जाचे नियम ठरवावेत, अशी तरतूद त्यात आहे. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा फोन नंबरही आहे. पण कायदा रात्री दोन वाजता उठून बाथरूमपर्यंत येऊ शकत नाही. तिथे माणूसच यावा लागतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे आजी-आजोबा अशा ठिकाणी असतील, तर सुट्टीत जरूर जा. शक्य असेल तर आधी न कळवता जा. रात्री किती जणांमागे किती माणसे असतात ते विचारा. औषधे कोण देते, त्याची नोंद कुठे होते ते बघा. बेल वाजवून घड्याळ लावा. आणि थोडा वेळ दार लावून आजीशी एकटे बोला.

आमची आजी आता रविवारच्या फोनवर सांगते की आमटीत मीठ कमी होते आणि तिने ते स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर सांगितले. हे ऐकले की माझा आठवडा चांगला जातो.